शांतम्माची पाखरं

मलप्पाच्या घरात ‘कोंबडी’ हा शब्द सहसा कुणी उच्चारत नसे. घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, पहाटे पूजा, आणि पूजा झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा नाही. अंडेवाल्याची सायकल दारावरून गेली तरी मलप्पा आपल्या किराणा दुकानात एक उदबत्ती जास्तीची लावायचा. अशा घरात शांतम्मानं एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता नवऱ्याला सांगितलं, “मी कोंबड्या पाळणार हाय.”

मलप्पाचा घास हातातच राहिला. “काय म्हणलीस?”

“पाखरं,” शांतम्मा म्हणाली. शब्द तेवढा तिनं बदलला. बेत बदलला नाही.

शांतम्माला ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटलं नसतं. ‘शांतम्मा’ असं तिचं नाव ठेवणाऱ्यांचा अंदाजच साफ चुकलेला होता. निलंग्याकडच्या माहेराहून लग्न होऊन ती किल्लारीला आली तेव्हा दुकानात बाईमाणसानं बसायची रीत नव्हती. सासरा तापानं पडला म्हणून ही चार दिवस गल्ल्यावर बसली ती पुन्हा उठलीच नाही. पत्रा गळायला लागला की शिडी हीच लावायची, आणि उधारीवाल्याच्या दारात जाऊन गोड बोलून पैसे वसूल करायचीही हीच. तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की मलप्पा आधी ‘न्हाई’ म्हणायचा, मग ‘बघू’ म्हणायचा, आणि शेवटी ती गोष्ट आपल्यालाच सुचली होती असं गिऱ्हाइकांना सांगायचा. संसाराचा गाडा असा इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता.

या वेळी मात्र ‘न्हाई’ जरा जड होतं. आणि शांतम्माचं कारणही जड होतं.

घरामागं चांगलं ऐसपैस अंगण होतं, आणि त्याच्या टोकाला काळ्या दगडांचा एक ढीग. जुन्या गावातल्या, भूकंपात पडलेल्या घराचे ते दगड. गाव नव्या जागी वसलं तेव्हा मलप्पानं ते बैलगाडीनं वाहून आणले होते. त्यांचा दारापुढं ओटा बांधायचा होता. ओटा आज होतोय, उद्या होतोय म्हणता म्हणता तीस वर्षं गेली, आणि दगडांच्या सांदीफटीत विंचवांनी आपलं पुनर्वसन करून घेतलं. सरकारी मंजुरीची त्यांना गरज पडली नाही.

एरवी विंचवाशी गावातल्या माणसांचं जमून जातं. चप्पल झटकायची, गोधडी झटकायची, सरपणात हात घालताना आधी काठी फिरवायची. पण गेल्या पावसाळ्यात सुकन्या, शांतम्माची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिन्याची बाळंतीण न्हाणीत गेली आणि पाटाखालच्या विंचवानं तिच्या अंगठ्याला नांगी मारली. लातूरच्या दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. आत लेक तळमळतेय, बाहेर भुकेनं लेकरू टाहो फोडतंय, आणि मधल्या बाकड्यावर शांतम्मा वाटी-चमचा घेऊन बसलेली. त्या दोन दिवसांत ती जितकी रडली तितकी भूकंपातही रडली नव्हती.

जावई श्रीशैल रेल्वेत. मुदखेडला त्याचं क्वार्टर. तो आला, वेडंवाकडं एक अक्षर बोलला नाही, बायको-लेकराला घेऊन निघाला. जीपमध्ये बसताना सुकन्याच बोलली. “अव्वा, मी येईन. पण लेकराला ह्या भुईवर टेकवणार न्हाई.”

लेकीची काही चूक नव्हती. पण ते वाक्य शांतम्माच्या काळजात रुतून बसलं. नातू आपला, घर आपलं, आणि आपल्या घरची भुई त्याला वर्ज्य! यापेक्षा तो विंचू आपल्यालाच चावला असता तर बरं, असं तिला रोज वाटायचं.

मग तिनं उपाय सुरू केले. पावडर टाकली, रॉकेल शिंपडलं, लिंबाच्या पाल्याचा धूर केला. दोन गडी लावून ढीग हलवायला काढला, तर वरची रांग उचलताच गडी धूम पळाले आणि ढिगातले विंचू घरात आले. आगीतून फुफाट्यात. शेवटी केवळाबाईनं सांगितलं. केवळाबाई ही दोन गल्ल्या पलीकडची शेतकऱ्याची बायको, शांतम्माची जुनी मैत्रीण. घर मराठ्याचं, अंगणात पाच-पंचवीस कोंबड्या.

“माझ्या अंगणात बघ. कोंबड्या फिरून राहिल्या, तर इचू औषधाला घावत न्हाई. तू बी पाळ.”

“आमच्यात?”

“खा म्हणतंय कोण? पाळ म्हणून राहिले.”

यात मेख होती ती अंड्यांची. कोंबडी आली की अंडं आलं. खायचं नाही, विकायचं नाही, फेकायचं तर जीव धजत नाही. शांतम्मानं दोन दिवस विचार केला आणि मग केवळाबाईला घेऊन जीपनं औशाचा बाजार गाठला. किल्लारीच्याच बाजारात मलप्पाची बायको कोंबड्यांपुढं उकिडवी बसलेली दिसली असती, तर ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती.

औशाला खाजाभाई नावाचा पिल्लंवाला बसायचा. जाळीचे पिंजरे, दोन मोठी बांबूची डालगी, आणि तोंडाचा पट्टा सदा चालू.

“या अम्मा, या! ही बघा गिरिराज. वजनाला नंबर एक. ही कावेरी, अंड्याला कधी ना म्हणत न्हाई. ती काळी कडकनाथ, मोठे मोठे लोक गाडी घेऊन येतेत तिच्यासाठी. बोला, कुठली देऊ?”

शांतम्मानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यात सगळ्यात कमी अंडी कोण देतं?”

खाजाभाईनं कानामागं हात धरला. “कमी?”

“कमी. दिलीच न्हाईत तर लईच बरं.”

केवळाबाईनं तोंडाला पदर लावला. खाजाभाईनं बाजारात उभं आयुष्य घालवलं होतं, पण असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. तो चेष्टेनं म्हणाला, “अंडे नक्को तो फिर मुर्गाच घेऊन जाव, अम्मा. तो बिचारा कुठनं देणार अंडे?”

तो हसला. शांतम्मा हसली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

“मग तेच द्या. सगळे कोंबडेच द्या.”

आता जात कोणती? गिरिराज अंगानं थोराड. दाण्यापाशी बसून राहील, दगडात चोच कशाला घालेल? कडकनाथ चपळ, पण काळंकुट्ट पाखरू दारात बघून मलप्पानं करणी झाली म्हणून बोंब ठोकली असती. शेवटी तिनं गावरान घ्यायचं ठरवलं. अंगानं हलकं, पायानं चपळ, दिवसभर उकरत हिंडणारं. खाजाभाईनं दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांतून तुरा लाल झालेली आणि पाय जाडसर असलेली पाच निवडून दिली. जीपमध्ये शांतम्मानं डालग्यावर आपली शाल टाकली. आतून ‘चिवचिव’ आली की ती खोकायची. वाटेतल्या लामजन्यापर्यंत खोकून खोकून तिचा घसा बसला.

घरी मलप्पानं पाखरांकडं पाहिलंच नाही. पाहिलं नाही म्हणजे, पाहत नाही असं दाखवलं. साबणाच्या रिकाम्या खोक्यांचं खुराडं शांतम्मानं स्वतः ठोकलं. पण दुकानात सांडलेली ज्वारी, जी आधी केरात जायची, ती हल्ली कोण जाणे कशी, अंगणात येऊन पडायला लागली. शांतम्मानं ते पाहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. नवऱ्याच्या चांगुलपणाकडं बोट दाखवलं की तो लाजून माघारी फिरतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

थंडीभर पाचही पाखरं त्या दगडांच्या मागं लागली. एकेक सांद उकरायची, आत मान घालायची, आणि विंचू दिसला की चोचीत धरून आपटून आपटून आधी त्याची नांगी मोडायची. शांतम्मा धुणं वाळत घालता घालता हे बघत उभी राहायची. विंचवाबद्दल तिच्या मनात दयामाया उरली नव्हती. “बसवण्णा मला माफ कर,” असं म्हणून ती आणखी एक मूठ ज्वारी टाकायची.

संक्रांत झाली आणि पाखरांना कंठ फुटला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं तर पाच होते आणि एकही झाकलेला नव्हता. मलप्पा पहाटे पूजेला बसायचा, तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटायचा, ‘ओम नमः’ म्हणायचा, आणि ‘शिवाय’ म्हणायच्या आत पाचही जण मागून आरवायचे. अख्ख्या गल्लीला कळलं. पुढं जे झालं ते शांतम्माच्या स्वप्नातही नव्हतं.

एके दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. साखर घेतली, चहापत्ती घेतली आणि जाता जाता म्हणालं, “आप्पा, घरी कंदुरीचं जेवण हाय. दोन कोंबडे मोकळे करा की. एकदम गावरान हायेत म्हणं.”

मलप्पाच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं, नगावर देता का किलोवर. तिसऱ्यानं जावळासाठी आगाऊ सांगून ठेवलं. मलप्पा तरातरा आत आला. “पाच पिढ्याचं लिंगायताचं दुकान, आन् लोक मला कोंबड्याचा भाव विचारून राहिले!”

शांतम्माला काही उमजेना. अंड्याचासुद्धा विटाळ नको म्हणून तर तिनं नुसते कोंबडे आणले होते. याहून सोवळं आणखी काय करायचं? केवळाबाईनं ऐकलं आणि ती हसून हसून भिंतीला टेकली.

“अगं येडे, कोंबड्या पाळल्या तर लोक म्हणतेत, किड्यामुंगीला ठेवल्या, पिल्लाला ठेवल्या. नुसते कोंबडे कोण पाळतंय? ज्याला कापायचे त्यो! अंडं टाळायला गेलीस आन् सुरी घेऊन आलीस.”

शांतम्मा कपाळावर हात मारून खाली बसली. शाकाहारी डोक्यानं केलेला हिशेब होता तो, आणि सगळ्या गावाला तो उलटा दिसत होता.

मलप्पानं फर्मान काढलं, “पुढच्या बाजाराला ही पाखरं गेली पाहिजेत.” पण बाजाराला जाणं म्हणजे कुठं जाणं, हे आता शांतम्माला कळत होतं. हातानं दाणे चारलेले जीव होते ते. आणि पाडवा झाला की सुकन्या येणार होती. ती कमरेला पदर खोचून नवऱ्यापुढं उभी राहिली.

“ही गेली तर इचू येतेत. इचू आले तर लेक येत न्हाई. लोक काय म्हणतेत ते पायजे का नातू पायजे, तेवढं सांगा.”

मलप्पा मागं फिरला. तो दुकानात गेला आणि एकच साखर दोनदा तोलली. थोड्या वेळानं आतल्या दाराशी येऊन म्हणाला, “बघू.”

‘बघू’ म्हणजे अर्धं काम झालं. शांतम्मा पुन्हा औशाला.

“खाजाभाई, आता कोंबड्या पायजेत. दोन.”

“आता अंडे चालतेत?” खाजाभाई खूश झाला. “मग कावेरी घ्या. रोज एक! वर्षभर थांबायचं नाव न्हाई.”

“अन् एवढी अंडी घेऊन मी कुठं जाऊ? बसती का ती त्यांच्यावर?”

“खुडूक व्हायचं तिला ठाऊकच न्हाई अम्मा, हीच तर तारीफ हाय!”

“मग नको. मला खुडूक होणारी द्या. घालील तेवढ्यावर बसणारी.”

खाजाभाईनं टोपी काढून डोकं खाजवलं. कोंबडी खुडूक बसते, अंडी बंद करते, म्हणून शिव्या घालत परत येणारी गिऱ्हाइकं त्यानं शेकड्यानं पाहिली होती. खुडूक व्हावी म्हणून कोंबडी मागणारी ही पहिलीच. पण बाईचं म्हणणं सरळ होतं: अंडं खायचं नाही आणि टाकायचंही नाही, तर त्याचं पिल्लू होऊ दे. त्यानं दोन गावरान कोंबड्या काढून दिल्या, एक तांबडी, एक कबरी. म्हणाला, “ही तांबडी माझ्या घरची हाय. बसली की हातोडा मारला तरी उठायची न्हाई.”

कोंबड्या आल्या आणि अंगणाला घरपण आलं. पाची नरांची आपसातली मारामारी वाढली खरी, पण कुंपणावरून बघणाऱ्यांना आता तिथं धंदा दिसेना, गोतावळा दिसायला लागला. भाव विचारणाऱ्यांना मलप्पाकडंही उत्तर आलं. “विकायचे न्हाईत. इचूकाट्यासाठी ठेवलेत.” आणि तांबडीनं पाटीतल्या भुश्शात घालायला सुरुवात केली तेव्हा शांतम्मानं त्यालाही शब्द शोधला. त्या घरात अंडं हा शब्द काही आला नाही. “आज एक उद्याचं पाखरू आलं,” असं ती म्हणायची. पाच-सात उद्याची पाखरं जमली आणि तांबडी पंख पसरून त्यांच्यावर जी बसली, ती खाजाभाईच्या शब्दाला जागली.

अशात सुकन्याचा फोन आला. शांतम्मा चुलीपाशी होती, म्हणून मलप्पानं उचलला.

“अप्पा, खरं सांगा. इचू निघतेत का अजून?”

खरं सांगा म्हणायची गरज नव्हती. शेंगदाणा जुना असला तर ‘जुना हाय’ असं न विचारता सांगणारा माणूस होता तो. मलप्पानं बोटांवर महिने मोजले. “घरात म्हणशील तर, दिवाळीपासून एकबी दिसला न्हाई बघ.”

“खरं? काय केलं तुमी?”

“पाखरं ठेवलीत ना मी.”

मी! शांतम्मानं आतून ऐकलं आणि फुंकणी तोंडाशी तशीच धरून मनातल्या मनात हसली.

“पाखरं? पोपट का?” सुकन्या विचारत होती.

“पोपट न्हाई. तू ये, मग बघ.”

पाडव्यानंतर सुकन्या आली, आठ दिवसांच्या बोलीवर. जीपमधून उतरते न उतरते तोच पाची पाखरं एका सुरात आरवली. “अव्वा! हे तर कोंबडे!” आणि ती अशी हसत सुटली की कडेवरचा अमरनाथ, वर्षाला दोन महिने कमी असलेला, आईचं बघून उगीचच हसायला लागला. शांतम्मानं नातवाची अलाबला घेतली. त्याला घ्यायला हात पुढं केले. लेकीनं दिला, पण म्हणाली, “वरच राहू दे गं अव्वा. खाली नको.”

चार दिवस असेच गेले. पोरगं रांगायला शिकलेलं, हातपाय सळसळणारे. पण ते बाजेवर, नाहीतर कडेवर, नाहीतर आजोबाच्या गल्ल्यावर. मलप्पानं त्याला तराजूत बसवून गुळाच्या भावानं मोजलं. सगळं हसतंखेळतं होतं. सुकन्या खात होती, झोपत होती, केवळाबाईशी गप्पा मारत होती. विंचवाचं नावही कुणी काढलं नाही. पण दिवेलागणीला ती बाजेखाली टॉर्च मारून बघायची, आणि शांतम्मा मान वळवून दुसरीकडं बघायची. कानानं ऐकलेलं काळजापर्यंत पोचायला वेळ लागतो. लेकीवर तिनं राग धरला नाही. पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

पाचव्या दिवशी सकाळी तांबडी पाटीतून उठली. मागून पिल्लं, पाच. लोळत, धडपडत. अंगणभर तिची ‘क्लुक-क्लुक’ सुरू झाली. शांतम्मानं कण्या आणल्या. मलप्पा दुकान उघडं टाकून दाराशी आला. सुकन्या लेकराला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

अमरनाथनं पिल्लं पाहिली मात्र, अंगात वारं भरल्यासारखा उसळ्या मारायला लागला. हात खाली, डोकं खाली, पाय झाडत. सुकन्यानं त्याला वर ओढला. तो मासोळीसारखा पुन्हा खाली सरकला. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा दगडांच्या ढिगाकडं. ढिगावर कबरी कोंबडी उन्हात पंख पसरून निवांत पडली होती. मग सुकन्या गुडघ्यावर बसली आणि तिनं हात सैल केले.

लेकरू भुईवर आलं. क्षणभर तसंच बसलं, दोन्ही तळवे मातीत टेकून, हे काय नवीन म्हणून. आणि मग निघालं! धबाधबा हात टाकत, पिल्लांच्या मागं. तांबडी फुगून दुप्पट झाली.

“धर, धर त्याला!” मलप्पा ओरडला. “चोच मारंल!”

“राहू द्या अप्पा,” सुकन्या म्हणाली. “लई झालं तर रडंल.”

शांतम्माच्या हातात कण्यांचं सूप होतं. ते तिनं कुठं ठेवलं ते तिला कळलंही नाही. पोरगं अंगणभर रांगलं, पडलं, माती खाल्ली, एका पिसाला धरून हसलं. दुपारी श्रीशैलचा फोन आला तेव्हा सुकन्या त्याला सांगत होती, “इतक्यात येऊ नका. पाऊस पडायच्या आधी या म्हणजे झालं.”

संध्याकाळी नातवाला आंघोळ घालायला शांतम्मा न्हाणीत बसली. पायावर आडवा घेतला, तांब्या उचलला. पोराचे दोन्ही गुडघे काळ्या मातीनं माखले होते, तळव्यांच्या रेघारेघांत माती बसली होती. आपल्या घरची भुई त्याच्या अंगाला लागली होती. तिला इतकं भरून आलं की हातातला तांब्या तसाच राहिला.

“पाणी गार होऊन राहिलं की,” बाहेरून मलप्पा म्हणाला.

“होऊ द्या,” शांतम्मा म्हणाली, आणि ते मळके गुडघे आणखी थोडा वेळ तसेच धरून बसली.